तक्त्यांच्या पाठीवरच्या गोष्टी

मंगळवार पेठेतल्या शिवम्माकाकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कामातून गेलेले, पण जीभ अजून सुरीसारखी. वाचनालयाच्या दारातला फलक त्यांनी बघितला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘विज्ञानकथेचे विस्मृत लेखक कै. शिवमूर्ती.’ खाली नवऱ्याचा हार घातलेला फोटो.

आता शिवमूर्ती म्हणजे देवमाणूस, त्यात वाद नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. पण साधं पत्र लिहायचं म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा. गोष्टी लिहिल्या त्या काकूंनी, पन्नास वर्षांमागं, दुपारची भांडी आटोपल्यावर. चंद्रावर जोंधळा पेरणाऱ्या बाया, यान हाकणारी म्हातारी, असलं सगळं. लिहिलं ते नवऱ्यानं प्रयोगशाळेतून आणलेल्या रद्दी तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर. एका संपादकानं ‘बाईंनी पाककृती पाठवाव्यात’ असं लिहून गोष्ट परत धाडली, तेव्हापासून त्यांनी कागदावर नाव घालणंच सोडलं.

दोन-तीन महिन्यांमागं लेकानं, अमरेशनं, ट्रंकेतला तो गठ्ठा वाचनालयाच्या धैर्यशीलला दिला. पुढच्या बाजूला उसाच्या रसाचे आकडे, खाली शिवमूर्तीची सही. झालं, लेखक ठरला! घरात जिवंत बाई बसलीय, तिला विचारतंय कोण?

“आई, नाव घरातच ऱ्हायलं की,” अमरेश म्हणाला. “बाबांचं काय नि तुझं काय.”

“व्हय? मग तुझ्या पोरीच्या दाखल्यावर शेजाऱ्याचं नाव घाल जा.”

काकू मात्र वाचनालयातल्या, नवऱ्याच्या गौरवाच्या कार्यक्रमाला गेल्या, नवं लुगडं नेसून गेल्या. धैर्यशीलनं शाल दिली, नारळ दिला आणि माईक हातात घेऊन म्हणाला, “काकू, पुस्तक छापायला निघालंय. फक्त चंद्रावरच्या गोष्टीचं शेवटचं पान सापडंना. बाई माघारी येती का न्हाय, साहेबांनी शेवट काय केलाता? आठवतंय काय?”

“आठवतंय की. मीच लिवलीय ती.”

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या.

“सगळ्या गोष्टी माझ्या हायत. पुस्तकावर माझं नाव घाला, शेवट आत्ता सांगते.”

धैर्यशील कसंनुसं हसला. “काकू, मुखपृष्ठ छापून झालंय हो.”

काकूंनी शालीची घडी घातली आणि टेबलावरच्या नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवली.

“मग शेवट ह्यांनाच इचारा,” म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी जिना उतरल्या.