घूंऽऽ करणारी गाडी

फ्रिस्कोतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एक काका रोज फेऱ्या मारायचे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, मोज्यांवर सँडल घालणारे. माझी म्हातारी गाडी घूंऽऽ करत आली की हात आडवा करून थांबवायचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. गाडीचं मॉडेल मात्र पहिल्याच दिवशी विचारलं.

"बेअरिंग गेलंय," म्हणत ते खुशाल शेजारी बसायचे आणि डोळे मिटून डॅशबोर्डला कान लावायचे. बेअरिंगची खात्री करायला हायवेवर जावं लागायचं, आणि हायवेपलीकडे नेमकं इंडियन स्टोअर होतं. कोथिंबीर घेऊन परतताना निदान बदलायचं. गिअरबॉक्स तपासायला मंदिरापर्यंत जावं लागायचं.

"इथं गाडी चालवता येत नसली की माणूस म्हणजे कुंडी," एकदा ते म्हणाले. "ठेवाल तिथं."

शेवटी मी झिजलेले टायर बदलले आणि आवाज बंद झाला. कौतुकाने त्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला. तरी त्यांनी बेल्ट लावला, कान टेकवला.

"अजून येतोय," ते म्हणाले.

गाडी इतकी शांत होती की मला त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"हो काका, येतोय खरा," मी म्हणालो आणि गाडी हायवेकडे वळवली.