विहिरींचा तक्ता

"वहीले हात नोको लावू बे. मी वाचतो, तू लिही."

बुलढाण्याच्या एका कचेरीतला माझा पहिला दिवस. बोलणारे हेडक्लार्क. मी मॅट्रिक पास, हंगामी कारकून. गावोगावच्या पाटलांकडून विहिरींच्या वह्या आल्या होत्या. त्यांतली माहिती एका मोठ्या तक्त्यात उतरवायची. तो पाहून वरचे साहेब ठरवणार, नवी विहीर कुठं खोदायची. बाकीचे कारकून वही समोर ठेवून उतरवत. मला मात्र हेडक्लार्क वाचून दाखवायचे. वह्या पाटलांच्या घरी परत जायच्या होत्या ना! माझ्या बोटांनी बाटल्या असत्या. तक्त्याला विटाळ नव्हता. तो सरकारचा.

चार दिवस मी मान खाली घालून लिहिलं. आज त्याची लाज वाटते.

पाचव्या दिवशी माझं गाव आलं. धाड गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. हेडक्लार्क वाचू लागले, "सार्वजनिक विहिरी तीन. सर्वांस खुल्या. नव्या विहिरीची गरज नाही."

माझा टाक थांबला. त्याच विहिरींवर माझी आई रिकामी घागर घेऊन बाजूला उभी राहते. कुणाला दया आली तर वरून ओतणार. नाही तर दुपार तिथंच जाते.

"हे खोटं हाय जी. आमच्या वस्तीले एकबी विहीर खुली नाही."

"वहीत जे हाय तेच तक्त्यात. तुले लिवाले ठेवलं, इचार कराले नाही."

अंगाचा नुसता जाळ झाला. आईला जन्मभर तिथंच उभं ठेवायचं, आणि ते लिहायचं मी? मी लिहिलं, 'विहिरी तीन. गावाबाहेरच्या वस्तीस एकही खुली नाही. नव्या विहिरीची गरज आहे.' खाली सही ठोकली.

"खोड ते."

"नाही खोडत."

त्यांनी तक्ता टराटरा फाडला. मला त्याच दुपारी काढून टाकलं. नवा तक्ता दुसऱ्या कुणी उतरवला असेल, छान वळणदार अक्षरात. वस्तीला विहीर अजून आलेली नाही.

"काऊन रे बापा, आज लवकर?" आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं रिकामी घागर उचलून कडेवर घेतली. मग म्हणाली, "मंग आता?"

त्या संध्याकाळी एक कोरी वही घेतली. तेव्हापासून गावोगाव हिंडतो. पाटलाच्या ओट्यावर जात नाही, थेट विहिरीवर जातो. बाजूला उभ्या असलेल्या बाईलाच विचारतो, लिहितो, तिचा अंगठा घेतो. तालुका पुरा झाला की विहिरी ठरवणाऱ्या त्या वरच्या साहेबाच्या दारात बसणार आहे. हाकललं तर पुन्हा येऊन बसेन.