छबूबाईची चौथी बरणी

राहात्याच्या अलीकडे मुरमाड माळावर छबूबाईच्या तीस वेली होत्या. शेजारपाजारचे बागायतदार त्या वेलींना हसत, आणि त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांच्या अनाबशाही द्राक्षांचे घड कसे भरदार, टपोरे! हिचा मणी हरभऱ्याहून जरासा मोठा, साल जाडजूड, आत दोन-तीन बिया. बाजारात ही द्राक्षं कुणी फुकटसुद्धा नेली नसती.

पण ती बाजारासाठी नव्हतीच. दोन मैलांवरच्या मिशनमधल्या म्हाताऱ्या फादरांनी या वेलीच्या काड्या आपल्या मुलखातून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बोटीनं आणलेल्या. त्यांच्या गावी डोंगरउतारावर दगडगोट्यांत ही वेल वाढते आणि तिच्यापासून देवळात लागणारी लाल वाइन करतात, असं ते सांगत. वेलीचं परदेशी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं तिला ‘फादरी’ म्हणायला सुरुवात केली. "पाणी बेतानंच द्या, रस पातळ होतो," असं फादरांनी बजावलं तेव्हा छबूबाईचा नवरा गहिनीनाथ चाटच पडला. पाणी देऊ नका म्हणणारा माणूस त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

वेली गहिनीनाथ छाटायचा, पण पुढचं सगळं छबूबाईच्या हाती. मिशनच्या मागच्या थंड खोलीत ती द्राक्षं सालीसकट चुरायची, कारण लाल रंग सगळा सालीत असतो. मग चिनी मातीच्या पाच मोठ्या बरण्या भरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि दिवसातून दोनदा लाकडी पळीनं ढवळायचं. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अकरा वर्षांत तिनं त्या रसाचा थेंब जिभेला लावलेला नव्हता. ती बरणीला कान लावायची. आतला रस रटरट बोलू लागला की म्हणायची, "लागली बगा कामाला." फादर हसायचे, पण तिच्या कानावर त्यांचा पुरता भरवसा होता.

एकाहत्तर साली फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. मणी फुगले आणि रस आंबट, पाणचट निघाला. बाकीच्या चार बरण्या कशाबशा बोलू लागल्या, पण चौथी ढिम्म. फादर चार दिवसांसाठी नगरला गेले होते आणि जाताना खोलीची किल्ली छबूबाईकडे देऊन गेले होते. तीन दिवस तिनं चौथ्या बरणीला कान लावला. माहेरी आलेली लेक गप्प बसली की आईचा जीव जसा खालीवर होतो, तसं तिचं झालं. आंबट झालेल्या आमटीला आपण काय करतो? चौथ्या दिवशी तिनं घरून पदराखाली गुळाचा मोठा खडा आणला आणि बरणीत सोडला. दुसऱ्या दिवशी बरणी अशी काही बोलू लागली की छबूबाईचा जीव भांड्यात पडला.

पंधरवड्यानं, गाळायच्या आदल्या दिवशी, फादर सहज म्हणाले, "नगरला मला विकतची वाइन दाखवली. तिच्यात साखर होती. वेदीवर, देवापुढं, निव्वळ द्राक्षाचीच चालते, दुसरं काही मिसळलेलं चालत नाही. आपलं बरं आहे, वेलीवरून थेट बरणीत."

अकरा वर्षांत हा नियम तिला कुणी सांगितला नव्हता, कारण वाइनमध्ये कुणी गूळ घालेल हे मिशनमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. छबूबाईनं चौथ्या बरणीवरचं फडकं घट्ट बांधलं आणि घरची वाट धरली.

गहिनीनाथानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आता गप ऱ्हा. गूळ इरघळून गेला, त्याला कोन बगतंय? सांगशीला तर त्यो दुसरी बाई बगंल. ह्या वेली मग आपुन काय शेळ्यांना घालायच्या?"

"उद्या समदं एका पिपात जाईल. वरीसभर त्यांच्या देवाला त्येच."

"त्यांचा देव हाय, त्यो बगून घेईल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण छबूबाईला भाकरी गोड लागेना. घरच्या नैवेद्याच्या ताटाकडे तिनं कुणाला बोट नेऊ दिलं नव्हतं. एकदा नातवानं पुरण चाटलं, तर सगळं ताट बाजूला सारून नवा स्वयंपाक केला होता. आपल्या देवाला एक आणि त्यांच्या देवाला एक, असं कसं करायचं? आणि खरं सांगायचं तर, ज्यानं किल्ली हातात दिली त्याच्यापुढे मान खाली घालून उभं राहणं तिला जास्त जड वाटत होतं.

सकाळी ती मिशनमध्ये पोचली तेव्हा फादर बाह्या सरसावून तयारच होते. तिनं पिपाच्या तोंडावर फडकं धरलं. प्रत्येक बरणीतला एक चमचा चाखायचा, मगच ओतायचं, ही त्यांची जुनी रीत. पहिल्या तीन बरण्या गेल्या. ‘बरी आहे, पावसाचं वर्ष होतं,’ असं ते प्रत्येकीला म्हणाले. चौथीचा चमचा तोंडात जाताच त्यांचे डोळे चमकले.

"वा छबूबाई! सगळ्यांत छान ही झाली!" त्यांनी बरणी उचलली.

आता नुसतं गप्प राहिलं की झालं. कौतुकही मिळालं होतं.

"थांबा फादर," छबूबाई म्हणाली. "नका वतू. तिच्यात मी गूळ घातलाय. ती बोलत न्हवती, म्हनून घातला. मला ठावं न्हवतं. पर काल तुमी सांगितल्यावर ठावं झालं, तरी मी गप बसले. त्ये माजं चुकलं."

फादरांनी बरणी हळूच खाली ठेवली. छबूबाईनं मनातल्या मनात तीसही वेलींचा निरोप घेऊन टाकला.

मग फादरांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. "गूळ! म्हणून एवढी झ्याक लागली होय! ही राहू दे जेवणाच्या टेबलावर. आम्ही म्हातारे पिऊ."

त्यांनी चौथी बरणी कोपऱ्यात सरकवली आणि पाचवी पुढं ओढली. चमचा उचलला. छबूबाईकडे पाहिलं. मग चमचा तसाच कोरडा खिडकीत ठेवून दिला आणि बरणी सरळ पिपावर कलती केली.

"आवं, चाखायची न्हाई व्हय?"

"तुमच्याकडे नैवेद्य चाखतात का?"

छबूबाईचे डोळे भरून आले होते, पण पुसणार कसे? दोन्ही हातांनी फडकं धरलेलं होतं, आणि वरून लाल धार पडत होती.