वारा पडेपर्यंत

पक्षी जवळ आले की मामा वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं धरायचे. तोंडानं काही बोलत नसत. पात्यावरून थेंब गळत राहायचे, होडी आपल्या वेगानं पुढं सरकत राहायची आणि बोलणारी माणसं एकेक करून गप्प व्हायची. तरीही कुणी उठून उभं राहू लागलं, तर मागं न बघताच म्हणायचे, "बसून बघा. उभं ऱ्हायलं की पाखरं आपल्याला बघतेत, आपल्याला पाखरं दिसत न्हाईत."

जिंतूरच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यावर, त्यांची होडी होती. मी परभणीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. थंडीच्या दिवसांत, महिन्यातल्या एखाद्या रविवारी, ओळखीची पाच-सहा माणसं जमवून मी जीपनं तिकडं जायची. पहाटे निघायचं, सूर्य वर यायच्या आत होडीत बसायचं, पक्षी बघत बघत पाण्यातल्या टेकाडावरच्या महादेवाला जायचं, तिथून परत काठावर, आणि घरी येताना वाटेत चारठाण्याची जुनी देवळं. तुम्ही त्या बाजूला कधी गेला असाल, तर डोक्याला पिवळा टॉवेल गुंडाळलेले एक सावळे, उंच गृहस्थ तुम्हालाही आठवतील. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मीही मामाच म्हणायची.

पक्ष्यांची पुस्तकातली नावं मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. ते ऐकून घ्यायचे आणि आपलंच नाव वापरायचे. चमच्यासारखी चोच असलेल्या पक्ष्याला ते उलथनं म्हणायचे. पाणकावळ्यांची माशावरून भांडणं लागली की म्हणायचे, "हे आमच्या भावकीतले." हिमालय ओलांडून येणारे राजहंस, ज्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, ते मामांच्या भाषेत पट्टेवाले. डिसेंबरात मी फोन केला की सांगायचे, "साहेब अजून आलं न्हाईत, पर पट्टेवाले आलेत."

माझी दुर्बीण त्यांनी कधी डोळ्याला लावली नाही. दिली की हसून परत करायचे. "डोळे हायत की मला."

टेकाडावरच्या देवळात आमच्याबरोबर ते आत येत नसत. आम्ही निघालो की शेवटी एकटे जायचे आणि तेव्हा एकदाच घंटा वाजवायचे. मी एकदा विचारलं, आल्या आल्या का वाजवत नाही? म्हणाले, "येताना वाजवली तर पाखरं उठतेत. देव काय, उठलेलाच असतो."

मामी त्यांच्या अगदी उलट. परत आलो की काठावर धपाटे आणि दही घेऊन उभ्या असायच्या आणि आमची होडी अजून निम्म्या पाण्यात असतानाच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असायचं. उशीर का केला, पाव्हण्यांना उन्हात का बसवलं, टॉवेल का भिजवला. मामा वल्हं मारता मारता म्हणायचे, "ऐकू यायलंय न्हवं? आता वाट चुकायची न्हाई."

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही सहा जण गेलो होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आणि त्यांच्या पत्नी, माझ्या शाळेतली एक शिक्षिका आणि तिची दोन लहान लेकरं, आणि मी. त्या दिवशी सकाळी पाणी काचेसारखं होतं. साहेबांनी देवळात अभिषेक केला, लेकरांनी पायऱ्यांवर शंख वेचले. साडेदहाला मामा म्हणाले, "बाई, निघू आता. अकराला वारा उठंल."

पण टेकाडाच्या मागच्या चिखलावर नुकतेच राजहंस उतरले होते. शंभर तरी असतील. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. मी म्हटलं, मामा, अर्धाच तास. मामांनी आधी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाले. "अर्धा."

तो अर्धा तास फार सुंदर होता. हे लिहायला नको वाटतं, पण तो तसा होता.

अकराला आम्ही होडीत बसलो तेव्हा पाण्याचा रंग बदलला होता. पंधरा-वीस हात गेलो असू, तेवढ्यात एक लाट कडेवरून आत आली आणि लेकरांचे पाय भिजले. मामांनी होडी वळवली. आम्हाला परत पायऱ्यांवर उतरवलं, होडी दगडाला बांधली आणि म्हणाले, वारा पडेपर्यंत बसू, दोन-अडीचला पडतो. असं पूर्वीही एकदा झालं होतं, त्यामुळं कुणी घाबरलं नाही. लेकरांना तर आनंदच झाला.

साडेअकराला मामांचा फोन वाजला.

टेकाडावर बोलणं नीट ऐकू यायचं ते फक्त देवळाच्या ओट्याच्या एका कोपऱ्यावर. मामा धावत तिकडं गेले. शेजारीण बोलत होती. मामी पाणी भरताना पडल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते, मुलगी दिली होती तिकडं पालमला. मामा ओरडून सांगू लागले, "काठावर बाईंची जीप हाय," आणि तिथंच फोन तुटला. तिच्यात घाला, परभणीला न्या, माझी वाट बघू नका, हे त्यांना पुढं सांगायचं होतं. ते त्यांनी बंद फोनमध्ये दोनदा सांगितलं.

मग आम्ही सगळ्यांनी फोन लावून पाहिले. शेजारणीला, सरपंचाला, आमच्या ड्रायव्हरला. साहेबांनी ओट्यावर उभं राहून हात वर करून लावला. लागला नाही. ड्रायव्हर जीप काठावर लावून झोपला असणार, हे मला माहीत होतं. गाव तिथून अर्ध्या मैलावर.

मी म्हटलं, मामा, तुम्ही एकटे जा, आम्ही थांबतो. साहेबही तेच म्हणाले. रिकामी होडी घेऊन मामा जाऊ शकले असते. त्यांनी अशा वाऱ्यात जाळी काढल्याचं मी ऐकलं होतं. ते पायऱ्या उतरले, दोर सोडला, एक पाय होडीत ठेवला. मग त्यांनी वर पाहिलं. दोन्ही लेकरं आईला चिकटून उभी होती.

पाय परत घेतला आणि दोर पुन्हा बांधला.

"एकटा जाईन बी," ते म्हणाले. "पर वारा पडलाच न्हाई, मला माघारी येता आलं न्हाई, तर तुमाला हितं कोण बघणार? मी आणलंय तुमाला."

मी पुष्कळ बोलले. आम्ही मोठी माणसं आहोत, खायला आहे, देऊळ आहे, एक रात्र काढू. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. सगळ्यात खालच्या पायरीवर, गावाकडं तोंड करून ते बसले. तिथून गावाचे पत्रे आणि पाण्याची टाकी दिसत होती. काठावर एक पांढरा ठिपका होता. ती आमची जीप.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाई, जीप हलली का?"

मी दुर्बीण लावली. जीप जागच्या जागी होती. दार उघडं होतं, बाहेर ड्रायव्हरचे पाय दिसत होते. हलली म्हणून सांगावं, असं मनात आलं. सांगता आलं नाही. मी म्हटलं, नाही मामा.

त्यांनी पुन्हा विचारलं, बाराला असेल. मग पुन्हा. मी दर वेळी दुर्बीण लावायची आणि दर वेळी तेच सांगायची. साहेबांच्या पत्नी आत बसून जप करत होत्या. लेकरांची आई त्यांना हळूच बिस्किटं देत होती, जणू खाणंही चूक आहे. मागच्या चिखलावर राजहंस आपले चरत होते. मी तिकडं एकदाही पाहिलं नाही.

एकच्या सुमाराला मामांनी हात पुढं केला आणि दुर्बीण मागून घेतली. त्यांना ती नीट धरता येईना. मी चाक फिरवून दिलं. ते बराच वेळ बघत राहिले. दुर्बीण खाली केली तेव्हा डोळ्यांभोवती तिचे गोल वळ उमटले होते.

"तेल चोळत बसले असतील," ते म्हणाले. "मी येईन म्हणून वाट बघायलेत."

वारा तीनला पडला. काठावर उतरलो आणि ड्रायव्हरला उठवून जीप गावात नेली, तर तसंच झालेलं होतं. मामी दारात बाजेवर होत्या. भोवती पंधरा माणसं. कुणी तेल लावलं होतं, कुणी कांदा हुंगवला होता. म्हातारे शेजारी मामांना म्हणाले, तुमीच येऊन ठरवा म्हणून थांबलो. त्यांचंही काय चुकलं? मामींचे डोळे उघडे होते. मामा जवळ गेले तेव्हा त्यांनी तोंड हलवलं, आवाज आला, शब्द आला नाही.

परभणीत दवाखान्यात पोचेपर्यंत साडेपाच वाजले. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, नातेवाईक समजून. त्यांनी विचारलं, कितीला पडल्या? मी सांगितलं. ते म्हणाले, चार तासांच्या आत आणलं असतं, तर एक इंजेक्शन देता आलं असतं. बऱ्याच जणांना त्यानं फरक पडतो. आता ते देता येत नाही.

मी तिथंच व्हरांड्यात हिशोब केला. साडेदहाला निघालो असतो, तर अकरापर्यंत काठावर. मामी पडल्या तेव्हा मामा घरात असते, जीप दारात असती. एक-दीडला आम्ही इथं असतो. मामा आत मामींच्या पायाशी बसले होते. मी आत गेले आणि म्हटलं, डॉक्टर म्हणतात, उपचार सुरू केलेत.

मामी घरी आल्या त्या उजवी बाजू आणि बोलणं गमावून. मामांनी होडी पुतण्याला देऊन टाकली. मी महिन्यातून एकदा जायची. ते मामींची वेणी घालत असायचे, भात भरवत असायचे आणि दोघांचंही बोलणं एकटेच बोलायचे. "ती म्हणायलीय, बाईला चहा टाका," म्हणायचे. मग चहा आणून ठेवत, "आता साखर कमी टाकली म्हणून शिव्या द्यायलीय." मामी डाव्या हातानं त्यांना ढकलायच्या. कधी हसल्यासारखं करायच्या. मी चहा पिऊन यायची. दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचं, आणि दर वेळी तसंच घेऊन परत यायची.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी मामी गेल्या. मुलगी मामांना पालमला घेऊन गेली.

मेच्या सुट्टीत मी एसटीनं पालमला गेले. जावयाचं किराणा दुकान होतं, त्याच्या ओट्यावर मामा बसले होते. तिथं पाणी नाही, सगळी कोरडवाहू जमीन. समोर रस्ता आणि धूळ. ते खूप वाळले होते. मुलीनं सरबत दिलं. इकडचं तिकडचं बोलणं संपलं आणि मी एका दमात सांगून टाकलं. चार तासांचं, इंजेक्शनचं, अर्ध्या तासाचं.

मामा रस्त्याकडं बघत राहिले.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "नर्सबाईनं त्याच रोजी सांगितलं व्हतं. तुमाला कशाला सांगून त्रास द्यायचा, म्हणून गप बसलो."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. मग तेच पुढं म्हणाले, "आन् अर्धा तास तुमी मागितला, पर दिला मी. पाण्यावरचं मला कळतंय, तुमाला न्हाई. ते तुमी तुमच्याकडं घेऊ नका."

मी म्हटलं, मामा, असं कसं म्हणता? त्यांनी मान हलवली. तो विषय त्यांच्या बाजूनं संपला होता. त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि त्यातलं थोडंही मला देत नव्हते. त्यांच्याशी भांडून ते परत मागावं, असं मला वाटत होतं. पण ज्या माणसाची बायको गेली, त्याच्याशी कुणाची चूक मोठी म्हणून भांडायचं कसं?

दुपारच्या गाडीला सोडायला ते स्टँडवर आले. मुलगी नको म्हणत होती, ऊन होतं. गाडी लागली तशी गर्दी झाली. मामा त्या गर्दीत शिरले, डोक्याचा टॉवेल सोडला आणि खिडकीतून आत टाकून माझी जागा धरली. "चढा आता निवांत," म्हणाले, "जागा झालीय." मी चढले, बसले. गाडी निघाली तेव्हा ते उन्हात उघड्या डोक्यानं उभे होते. ते केस इतके पांढरे आहेत, हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

टॉवेल माझ्या खाली राहिला होता. ते कळलं तेव्हा गंगाखेड आलं होतं. पुढच्या वेळी जाताना देऊ, असं मी ठरवलं, धुऊन घडी करून ठेवला. श्रावणात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. काही त्रास झाला नाही. आणि मग म्हणाली, बाई, तुमची लय आठवण काढायचे, त्यांना तुमच्याबद्दल एकच काळजी होती. कसली, ते मी विचारलं नाही.