मुक्ताच्या भुवया

माझी बायको सुनीता मंगळवारी गेली. नाशिकला विधी झाले आणि मी आणि आमची मुलगी मुक्ता सौदीत, जुबैलला परत आलो.

आमच्या घरात बोलायचं खातं सुनीताकडे होतं. ‘म्हणजे कसं आहे ना’ अशी सुरुवात करून ती खजुरापासून शेजाऱ्यांच्या पडद्यांपर्यंत कशावरही बोलायची. मी पुस्तकांतला माणूस. रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात मी इंजिनियर आहे, आणि त्या कामात माझ्या बोलण्याची समुद्रालाही गरज पडत नाही. त्यामुळे सुनीतामागे घर गप्प झालं, हे माझ्या लक्षात यायलाच आठ महिने लागले. तेही अक्काने सांगितलं म्हणून!

अक्का माझी थोरली बहीण. तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळून निवृत्त झालेली. व्हिसा मिळताच तिचा फोन आला.

“श्री, मी येतेय. परतीची तिकिटं दोन काढलीत. मुक्ता माझ्याबरोबर नाशिकला येईल.”

“बघू,” मी म्हणालो.

(आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. अक्काच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘हो’. आणि दोन्ही घरं एकाच आईची!)

मुक्ताला पाठवायचं नाही, हे मी ठाम ठरवलं होतं. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

दमामच्या विमानतळावर सात वर्षांच्या मुक्ताने आत्याचा हात धरला आणि वाकून तो आपल्या कपाळाला टेकवला.

“अगंबाई, मला ताप नाहीये!” अक्का हात सोडवत म्हणाली.

खरी गडबड जेवताना झाली.

“मुक्ता, भात हवा का गं?”

मुक्ताने दोन्ही भुवया झटकन वर उडवल्या.

“हवा की नको?”

पुन्हा भुवया.

“बरं, मीठ कुठंय?”

मुक्ताने ओठांचा चंबू केला आणि फडताळाच्या दिशेने लांबवला. अक्काचा घास हातातच राहिला.

“श्री! हिचं तोंड वाकडं होतंय!”

“नाही गं, ते तसंच असतं.”

“तसंच म्हणजे? कधीपासून?”

मी आठवू लागलो. शाळा सुटल्यावर मुक्ता शेजारच्या लोर्नाकडे थांबायची. लोर्ना फिलिपिन्सची, दवाखान्यात सकाळच्या पाळीला नर्स. तिच्याकडे दुपारी चार-पाच बायका जमत, आणि त्या सगळ्या मुक्ताच्या ‘तीता’ म्हणजे मावश्या. तिथे जायला लागल्यापासून मुक्ता भुवया उडवायची. मला ते सोयीचं वाटलं होतं. एक शब्द खर्च न होता उत्तर मिळायचं! पण हे अक्काला सांगायचं कसं?

“पोरीने आईचा धसका घेतलाय,” अक्का डोळे पुसत म्हणाली. “वाचा बसत चाललीय तिची. आणि बाप पुस्तक वाचतोय! उद्या दवाखाना, परवा नाशिक. ठरलं.”

शनिवारी सकाळी आम्ही लोर्नाच्याच दवाखान्यात. खिडकीतली फिलिपिनो नर्स मुक्ताला पाहून हसली, इंग्रजीत म्हणाली, “नाश्ता झाला?”

मुक्ताच्या भुवया वर.

“बाबा कुठे?”

मुक्ताचे ओठ माझ्याकडे.

नर्सने भुवया उडवल्या आणि आम्ही कुठे बसायचं ते ओठांनीच दाखवलं.

अक्काने माझं मनगट घट्ट धरलं. “श्री, हिलाही तेच! अरे, इथे साथ आहे साथ! तोंडाला पदर लाव!”

(पदर मला नव्हता. मी रुमाल लावला. लहानपणापासून अक्काचं ऐकायची सवय.)

डॉक्टर हैदराबादचे. त्यांनी मुक्ताची जीभ पाहिली, गुडघ्यावर टकटक केलं आणि हिंदीत विचारलं, “मुलगी ठणठणीत आहे. हे सगळं हिला शिकवलं कोणी?”

तेवढ्यात बातमी कळून लोर्ना धावत दारात आली. मुक्ताने ओठ तिच्याकडे लांबवले. तिच्यामागून आलेल्या खिडकीतल्या नर्सनेही. आणि अक्काची नजर माझ्यावर खिळली, कारण रुमाल खाली सरकला होता आणि माझेही ओठ लोर्नाकडेच होते!

“तूसुद्धा?” अक्का एवढंच म्हणाली.

लोर्ना घाबरून इंग्रजीत भराभरा बोलू लागली. अक्काला कळेना. माझं तर तोंडच उघडेना. आणि मग मुक्ता बोलली.

“आत्या, म्हणजे कसं आहे ना, तीताच्या गावाला ‘हो’ म्हणायचं तर भुवया उडवतात. आणि बोट दाखवणं वाईट, म्हणून ओठ. मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा, तो नमस्कार असतो. आजारपण नाही काही. आणि ती म्हणतेय, तिची मुलगी तिच्या गावाला आहे, तिला मावश्या वाढवतात. तिकडे तिच्या मुलीला कुणीतरी शिकवतंय, मग इकडे जी मुलगी आहे तिला ती शिकवते. तू रागावू नकोस.”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. ते ‘म्हणजे कसं आहे ना’ अक्कानेही ओळखलं होतं.

लोर्ना पुढे आली. अक्काहून लहान असल्याने तिने अक्काचा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला. या वेळी अक्काने हात सोडवला नाही.

“मुक्ता नाशिकला जाणार नाही,” मी म्हणालो. आठ महिन्यांतलं ते माझं सगळ्यात ठाम वाक्य असावं.

“ते मला कळलं,” अक्का म्हणाली. “पण रोज साडेसातला मी फोन करणार. तिच्याशी मराठीत बोलणार. आणि तुझ्याशीही. वाचा तुझी बसलीय, गाढवा!”

एक तिकीट रद्द झालं. मुक्ताने आमचा फोन पाण्यात पाडला आणि कॅमेरा बिघडला, तेव्हापासून अक्का नुसता आवाज ऐकते. काल तिने विचारलं, “श्री, जेवलास का?”

मी उत्तर दिलं. अक्काने दोनदा ‘हॅलो, हॅलो’ केलं.

“भुवया उडवू नकोस,” पलीकडून अक्का म्हणाली. “मला दिसत नाही.”

आता घरात आम्ही दोघं आहोत, भिंतीपलीकडे लोर्ना आहे, आणि सुनीताचं ‘म्हणजे कसं आहे ना’ आहे.