व्हॅल्यूअर सोयरीक पाहायला जातात

वादिराज गलगलींनी बांधकाम खात्यातली पेन्शनीची नोकरी सोडली, तेव्हा सुभाष रोडवरची माणसं त्यांच्या बायकोकडे, कुसुमावतीबाईंकडे, कीव येऊन पाहू लागली. कारण विचारलं की वादिराज छाती काढून सांगत, "हेमाच्या लग्नासाठी!" आता नोकरी सोडून मुलीचं लग्न कसं होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांचा हिशोब मात्र पक्का होता. इंजिनिअर काय, पैशाला पासरी मिळतात. पण श्रीमंतांच्या घरांची संपत्तीकरासाठी किंमत ठरवणारा सरकारमान्य व्हॅल्यूअर त्या वेळी, म्हणजे शहात्तर सालच्या सुमारास, धारवाडात क्वचितच दिसे. अशा माणसाच्या मुलीला स्थळं चालून येतील.

त्यांनी परवान्यासाठी अर्ज धाडला. तो परत आला, कारण उत्साहाच्या भरात सही करायचीच राहिली होती. दुसरा धाडला आणि उत्तर येईपर्यंत हात बसावा म्हणून ते दिसेल त्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवू लागले. बारशाला गेले तरी आधी भिंत, मग बाळ. एकदा दुखवट्याला गेले असताना त्यांनी भिंतीवर टकटक करून "चुना अस्सल आहे" असा निर्वाळा दिला. कुसुमावतीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, माणूस गेलंय. घर विकायला नाही काढलेलं."

यथावकाश परवाना आला. दारावर कानडीत आणि मराठीत पाटी लागली, पेढे वाटले गेले. आणि त्या दिवसापासून हेमाला स्थळं येईनाशी झाली.

यात कोडं काहीच नव्हतं. ज्याचं घर चांगलं, तो व्हॅल्यूअरला उंबरा ओलांडू देईना. आणि ज्याचं घर पडकं, त्याला वादिराज मुलगी देईनात. हेमा बी.ए. होऊन शाळेत शिकवू लागली, तिच्या वर्गमैत्रिणींची बाळं रांगायला लागली. नवऱ्यानं आपल्या हातानं पोरीच्या पायावर धोंडा घातला, असं कुसुमावतीबाई देवापुढे म्हणत, पण नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

शेवटी हुबळीचं एक स्थळ आलं. मुलगा प्रभंजन पाच्छापुरे, कॉलेजात शिकवणारा. वडील भीमसेनराव कापसाचे अडते. मुलगा फक्त एका मित्राबरोबर येऊन हेमाला पाहून गेला, दोघं अर्धा तास बोलली, आणि तो गेल्यावर हेमा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "अप्पा, मला पसंत आहे. तुम्ही काही मोडू नका हं." कधी काही न मागणारी पोर.

आता मुलीकडच्यांनी घर पाहून यायची रीत. वादिराजांनी 'रविवारी येतो' असं कळवलं, पण कळवलं ते आपल्या नव्या छापील कागदावर, खाली गोल शिक्का मारून. साधं पोस्टकार्ड चाललं असतं. पण मिरवल्याशिवाय राहवेल तर तो माणूस कसला!

रविवारी भीमसेनरावांनी दारातच हात जोडले. "बर्री, बर्री, या! गरिबाचं घर हाय, सांभाळून घ्या की."

गरिबाचं म्हणजे किती? दिवाणखान्यात फाटकी जाजम. खुर्ची एक, तीही डुगडुगती. उकाड्यानं जीव जात होता आणि पंखा नव्हता. चहा आला तो ॲल्युमिनियमच्या पेल्यात, पेला चटका देई म्हणून कुसुमावतीबाईंनी पदरात धरला. ठिगळाचं धोतर नेसलेले भीमसेनराव वर्तमानपत्रानं सगळ्यांना वारा घालत होते.

"पोरीला इथं द्यायची?" कुसुमावतीबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

वादिराजांची नजर मात्र छताला गेली होती. तिथं झोपाळ्याच्या चार कड्या चकाकत होत्या. भिंतीवर कपाटाएवढा पांढरा चौकोन होता. त्यांनी हात मागे करून हळूच भिंत वाजवली, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. सोयरीक हवी, पण व्हॅल्यूअरच्या नजरेला रविवारची सुट्टी नसते, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं. इथं तर अख्खं घर लपवलं होतं.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठले. "चल गं! शितावरून भाताची परीक्षा. आज झोपाळा लपवला, उद्या मुलाचा आजार लपवतील."

म्हणाले खरे, पण दाराशी पोचेपर्यंत हेमाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि पाऊल जड झालं.

"काका, थांबा." आतून प्रभंजन आला, कमरेवर हात ठेवून, वाकत वाकत. "झोपाळा, पंखा, कपाट, सगळं शेजारच्या जनाबाईंकडे आहे. त्यांना आता घरात उभं राहायला जागा नाही. अप्पांना कराची भीती वाटली. मीच सगळं वाहून नेलं आणि माझी पाठ धरली. मला आजार म्हणाल तर एवढाच."

"एऽ सुम्निर! गप बस!" भीमसेनराव ओरडले.

"नाही अप्पा. हेमा या घरात येणार. आल्या दिवसापासून तिनं काय काय लपवायचं?"

भीमसेनरावांच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं. वादिराजांनी पोराकडे नीट पाहिलं. इतका वेळ कड्या पाहिल्या, भिंत पाहिली, मुलाला पाहायचंच राहून गेलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते परत येऊन त्या डुगडुगत्या खुर्चीत बसले.

"भीमसेनराव, घाबरू नका. मी कर लावणारा नव्हे. मालकानं बोलावल्याशिवाय मी कुणाच्या घराची किंमत करत नाही."

भीमसेनरावांचा जीव भांड्यात पडला. घाम पुसून ते बसले, चुळबुळले. मग जाजमेवरून सरकत सरकत वादिराजांच्या खुर्चीशी आले आणि मुलाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "तरीपण... अंदाजे किती भरेल हो आमचं घर?"

"ते असं फुकट नाही सांगत. परक्याला फी पडते," वादिराज म्हणाले. "व्याह्याला पडत नाही."