खंडेनवमीचा चंदेरी दांडा

माझा धाकटा भाऊ विजेच्या तारांवर काम करतो, तेही तारा चालू असताना. हे मी कुठं बोलले की लोक आधी मला वेड्यात काढतात आणि मग त्याला. पण चाकणच्या कंपन्यांना वीज गेलेली चालत नाही. लाइन जरा बंद पडली की तिथले साहेब घरात सुतक असल्यासारखे फिरतात. म्हणून खांबावरचा फुटका चिनी मातीचा इन्सुलेटर बदलायचा झाला की ठेकेदाराची बकेट गाडी येते. ट्रकवर एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी बादली आणि त्या बादलीत माझा भाऊ.

दांड्याचा वरचा भाग फायबरचा असतो, लोखंडाचा नाही. सगळी मदार त्या फायबरवर. तारेतली वीज त्यातून खाली ट्रकमध्ये आणि जमिनीत उतरू शकत नाही. हातात रबरी मोजे असतातच, पण मोज्याला दाभणाच्या टोकाएवढं भोक पडलं तरी माणसाला वाचवायला मागं फक्त हा दांडा उरतो.

असे दांडे तपासणं हे माझं काम. डिप्लोमा झाल्यावर मी कासारवाडीच्या एका शेडमध्ये लागले आणि आता तिथली टेस्टिंग माझ्याकडे आहे. आम्ही या गाड्यांचे ऑइलचे सील बदलतो, गाडीला जागेवर उभं धरणारे जॅक दुरुस्त करतो आणि दांड्याला जास्त दाबाची वीज देऊन त्यातून किती झिरपते ते मोजतो. आम्ही बीडकडचे, थेरगावात भाड्यानं राहतो. आई म्हणते, एक विजेशी खेळतो, दुसरी वीज मोजते, दोघांपैकी एकानं तरी किराणा दुकान टाकायचं होतं.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. ठेकेदाराचा फोन आला की गाडीच्या एका जॅकमधून ऑइल गळतंय, येऊन बघून जा. मी स्कूटर काढली. चाकणला पोचेपर्यंत धुरळ्यानं माझ्या ओढणीचा मूळ रंग कोणता हे सांगायची सोय राहिली नव्हती. एमआयडीसीतल्या एका रस्त्याच्या कडेला गाडी जॅकवर उभी होती. भाऊ वर होता, तारेच्या अगदी जवळ, दोन्ही हात कामात. खाली मामा होते.

मामा म्हणजे गाडी चालवणारे आणि खालून लिव्हर सांभाळणारे. मावळातले, वयानं मोठे, त्यामुळं सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामींनी नवी साडी मागितली तर त्यांना ऐकू येत नाही, पण गाडीच्या आरशाला तडा गेला तर त्यांना जेवण जात नाही. मला बघून त्यांनी हसून हात केला. दुसरा हात ट्रकच्या लोखंडी कडेवर टेकलेला होता.

मी जॅककडे बघणार तेवढ्यात उन्हात काहीतरी चकाकलं म्हणून मान वर केली. दांडा चकाकत होता. आमच्या शेडमधून गेला तेव्हा पिवळट पांढरा असलेला दांडा आता खालपासून बादलीपर्यंत चांदीसारखा होता. वर झेंडूची माळ सुकून लोंबत होती आणि मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं.

 चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी. पत्र्याच्या पेटीला, गेटला, जिन्याच्या कठड्याला देतात तो. ज्या दांड्यातून वीज उतरू नये म्हणून लाखांची गाडी बनवतात, त्या दांड्याला कुणीतरी वरून खालपर्यंत धातू फासला होता, आणि त्याच्या टोकाला माझा भाऊ चालू तारेला हात घालून उभा होता.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडले नाही, कारण वरचा माणूस दचकला आणि त्याचं कोपर भलतीकडं लागलं तर मीच त्याला मारल्यासारखं झालं असतं. मी ट्रकपासून चार हात लांब थांबले आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाले, "मामा, गाडीवरचा हात काढा आणि इकडं या."

"का वं ताई, चटका बसतोय व्हय?" मामा हसत म्हणाले.

"या ना. आणि त्याला सांगा, हातातलं सोडून तारेपासून बाजूला घे म्हणून. घाई नको. मी आलेय हे सांगू नका."

माझं तोंड बघून मामांचं हसू गेलं. ते माझ्यापर्यंत आले आणि तिथून वर हाक दिली, "भावा, चहा आलाय. निवांत बाजूला घे आन् उतर."

चहाला माझा भाऊ कधी नाही म्हणत नाही. बादली हळूहळू तारेपासून सरकली.  तो खाली उतरून हातमोजे काढायला लागला तेव्हा मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले होते.

"अक्का? तू कामून आलीस? चहा कुठं हाय?"

मी गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "हा रंग कुणी दिला?"

मामांनी अगदी सरळ मनानं सांगितलं. खंडेनवमीला गाडी धुवायची, रंगवायची, पुजायची, ही त्यांची दरवर्षीची रीत. चाकणला त्या दिवशी लेथपासून स्टेपलरपर्यंत सगळ्याला हार पडतो, मग रोज माणसाला पोटाशी धरून वर नेणारी गाडी तशीच ठेवायची? दरवर्षी ते फक्त खालच्या लोखंडी भागाला पिवळा द्यायचे. यंदा ठेकेदाराच्या गेटाला आणलेला चंदेरी रंग उरला होता. "दांडा मळकट दिसत होता वं ताई. सणाला देवाला मळक्या कपड्यात बसवत्यात का?"

"आणि हे?" मी दाखवलं. दांड्यावर एक इंग्रजी स्टिकर होता. मामांनी त्याच्या चारी बाजूंना चिकटपट्टी लावून रंग दिला होता, एक थेंबसुद्धा त्यावर जाऊ दिला नव्हता.

"ते कंपनीचं काहीतरी महत्त्वाचं हाय म्हणून ठेवलं नीट."

या भागाला रंग देऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. मी ते मराठीत वाचून दाखवलं.  मला त्या क्षणी त्यांच्यावर भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली.

भावाला मात्र माझाच राग आला. साइटवर सगळ्यांदेखत बहिणीनं खाली उतरवलं याची त्याला लाज वाटली असावी. "दसऱ्यापासून रोज चढतोय मी. झालं का काही? आणि आम्ही काय अडाणी नाही. रंग वाळल्यावर मीटर लावून बघितलं होतं. बीप वाजला नाही."

 त्यांनी खरंच मीटर लावून बघितलं होतं. पण खिशातल्या मीटरची ताकद टॉर्चच्या सेलएवढी. रंगातल्या धातूच्या कणांभोवती वार्निश असतं, तेवढ्याशा विजेला ते अडवतं, म्हणून बीप वाजत नाही. हजारो व्होल्टची तार त्या वार्निशला जुमानत नाही. मी हे समजावत होते आणि भाऊ माझ्याकडं लहानपणी अभ्यास घेताना बघायचा तसा बघत होता. शेवटी मीच म्हणाले, "गाडी शेडला घ्या. तिथं जे दिसेल ते दिसेल." ठेकेदार फोनवर कुरकुरला, काम अर्धं राहिलंय म्हणाला. त्याला म्हटलं, मग स्वतः येऊन बादलीत उभे राहा. त्यानं फोन ठेवला.

शेडमध्ये आम्ही दांड्याच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या बांधल्या, सगळ्यांना पिवळ्या दोरीच्या बाहेर काढलं आणि मी विजेचा दाब चढवायला सुरुवात केली. चांगला दांडा असेल तर मीटरचा काटा जेमतेम हलतो आणि आम्ही गप्पा मारत उभे असतो. इथं निम्म्यावरही पोचले नाही तोच दांड्यावर चर्र झालं, एक निळी ठिणगी चंदेरी रंगावरून सरपटत गेली आणि मशीन आपोआप बंद पडलं.

 भाऊ भिंतीला टेकला आणि मग टेकल्या टेकल्याच खाली बसला. म्हणाला, "मग मी वाचलो कसा?"

"मोज्यांमुळं," मी म्हणाले. 

मामा जवळ आले. "ह्यो आवाज मी ऐकलाय," ते म्हणाले. "कालच्याला. ह्यो वर हुता आन् दांड्याचं बादलीकडचं टोक तारेला घासलं. असंच चर्र चर्र वाजलं. मला वाटलं, झाडीतलं किडं हायेत." भावानंही मान हलवली. टोक कधीकधी तारेला लागतं, त्यात काही विशेष नसतं. लागलं तरी चालावं म्हणूनच तर दांडा फायबरचा असतो.

दुसऱ्या दिवशी दांडा उतरवून लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला. फायबरला थिनर लावता येत नाही, घासायचं ते हातानं, पॉलिश पेपरनं, खालचा थर न दुखवता. मामा कुणाला हात लावू देईनात. "मी फासलंय, मीच काढणार." भावानं त्यांचं न ऐकता दुसरा पेपर घेतला. मामा खालच्या टोकापासून आणि भाऊ बादलीच्या टोकापासून घासू लागले. मी मधे लुडबुड करत दोघांना शिकवत होते आणि दोघंही माझं ऐकत नव्हते.

भावाच्या बाजूनं रंग निघाला तसा तो थांबला. "अक्का, हे काय हाय बघ."

फायबरवर एक बारीक काळी रेघ होती. भिंतीला वाळवी लागल्यावर जशी मातीची रेघ चढत जाते, तशी ही बादलीकडून खाली निघाली होती. बोटानं पुसली तर जाईना. फायबर जळून झालेला कोळसा होता तो. माझ्या टेस्टनं झालेला नव्हता, माझं मशीन चिमूटभर वीज गेली की बंद पडतं, इतकं जाळायला त्याला वेळच मिळत नाही. हे काम वरच्या तारेनं केलं होतं, रोज थोडं थोडं. एकदा कोळसा झाला की पुढच्या विजेला तोच रस्ता मिळतो. हा दांडा आता पुन्हा कधी वर जाणार नाही, हे मला तिथंच कळलं. घासायची काही गरज उरली नव्हती. तरी मी थांबा म्हणाले नाही आणि तेही थांबले नाहीत. रेघ कुठवर गेलीय ते तिघांनाही बघायचं होतं.

भाऊ घासत पुढं आला, रेघ पुढं येत राहिली. अर्धा दांडा झाला. मामांनी आपल्या बाजूचं आधीच साफ केलं होतं, ते पेपर हातात धरून तिचीच वाट बघत उभे होते. खालच्या लोखंडाच्या जरा अलीकडं ती थांबली. तिथून पुढं फायबर कोरा होता, आणि मग लोखंड, ट्रक, मामांचा लिव्हरवरचा हात आणि जमीन.

भावानं त्या कोऱ्या जागेवर आपला पंजा आडवा ठेवला. एका बाजूला करंगळी लोखंडाला लागली, दुसऱ्या बाजूला अंगठा रेघेला. मधे काही उरलं नाही.

"हात काढ तिथून!" मी ओरडले. मशीनचं मेन स्विच मी स्वतः पाडलं होतं, दांडा लाकडावर पडला होता, त्याला एक तारही जोडलेली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी त्याचं मनगट धरून ओढत होते.